सांबरा, हुबळी, मोपा की कोल्हापूर : बेळगाव भागातल्या माणसानं विमान कुठून धरावं?

एप्रिलात खानापूरच्या भाच्याचा फोन आला. "मामा, हैदराबादचं तिकीट बघालोय. सांबऱ्यापेक्षा मोप्याचं बाराशेनं कमी आहे. काढू काय?"

"मोप्याला जाणार कसा?"

"गाडी करून."

"गाडीवाला किती घेणार?"

यावर तो गप्प झाला. गाडीचं भाडं बाराशेच्या कितीतरी वर जाणार होतं, शिवाय मध्ये चोर्ला घाट होता. तरी त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. बेळगाव मध्ये धरून नकाशा उघडला तर दीडशे किलोमीटरच्या आत पाच विमानतळ सापडतात : घरचा, म्हणजे बेळगावचा, सांबरा, दक्षिणेला हुबळी, उत्तरेला कोल्हापूर आणि घाटाखाली गोव्यातले दोन, दाभोळी आणि मोपा. सिंधुदुर्गातलं चिपीही जवळ आहे. ते ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, पण तिथली सेवा इतकी तुटक राहिली की आपल्या हिशोबात मी ते धरतच नाही.

निवड करताना बहुतेक लोक दोनच गोष्टी बघतात, तिकिटाचा दर आणि विमानतळाचं अंतर. मी आणखी एक विचारतो. आपलं विमान रद्द झालं तर त्याच गावाला त्याच दिवशी दुसरं आहे का? मोठ्या शहरातल्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही, कारण त्याला तासाभरानं दुसरं विमान मिळतं. आपल्याकडं कित्येक मार्गांवर दिवसाला एकच विमान असतं आणि काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीक दिवसच.

सांबरा

चन्नम्मा चौकातून बागलकोट रस्त्याला लागायचं, मुतगा आणि निलजीचे फाटे मागं टाकायचे की विमानतळ येतो. अंतर दहा-अकरा किलोमीटर. टिळकवाडीतला माणूस रेल्वे गेटवर अडकला नाही तर पाऊण तासात आरामात पोचतो. पाचांपैकी एवढं सोपं दुसरं काही नाही.

ही धावपट्टी १९४२ ची, उत्तर कर्नाटकातली सर्वांत जुनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलानं प्रशिक्षणासाठी ती बांधली आणि आग्नेय आशियातल्या आघाडीला इथून पाठबळ दिलं. पुढं ती भारतीय हवाई दलाकडं आली. हवाई सैनिकांची प्रशिक्षण शाळा आजही शेजारीच आहे, त्यामुळं जुन्या लोकांना सांबरा म्हटलं की प्रवासी विमानं नव्हे, एअरफोर्स आठवतं. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत बांबोळीच्या वायरलेस केंद्रावर हल्ला करणारी हंटर विमानं इथूनच उडाली. त्याच सकाळी पुण्याहून निघालेल्या कॅनबेरा विमानांनी दाभोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले होते. ज्या दाभोळीला आज आपण स्वस्त तिकिटासाठी धावतो, त्या दाभोळीशी सांबऱ्याची पहिली ओळख ही अशी.

प्रवाशांच्या दृष्टीनं खरी गोष्ट २०१७ पासून सुरू होते. राज्य सरकारनं आसपासची ३७० एकर जमीन विमानतळ प्राधिकरणाला दिली, धावपट्टी २,३०० मीटरपर्यंत वाढली, एअरबस ३२० आणि बोईंग ७३७ उतरतील अशी सोय झाली आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाचे नागरी विमान वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांनी नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं. गावानं कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, वाटला. आणि वर्षही झालं नाही तोवर विमानं शेजारी गेली.

ते कसं झालं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण तिकीट काढताना आजही तोच नियम लागू पडतो. केंद्राच्या 'उडान' योजनेत एखाद्या मार्गावर विमान कंपनीला काही जागा ठरावीक दरात विकाव्या लागतात. सुरुवातीला साधारण तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये ही मर्यादा होती. त्यातला तोटा सरकार भरून देतं आणि तीन वर्षं त्या मार्गावर त्या कंपनीची मक्तेदारी राहते. २०१८ च्या सुरुवातीला हुबळीचं नाव त्या यादीत आलं, बेळगावचं आलं नाही. स्पाईसजेटनं आपली बेळगावची विमानं हुबळीला नेली. नवंकोरं टर्मिनल, लांब धावपट्टी, आणि आकाशात घारी. तेव्हा गावात झालेली आंदोलनं, निवेदनं, व्यापाऱ्यांच्या बैठका अनेकांना आठवत असतील. मराठी-कन्नड वादाची सवय असलेल्या आमच्या गावात या एका मागणीवर मात्र दोन्हीकडचे लोक एकत्र आले होते, हे मला आजही गमतीचं वाटतं.

२०१९ च्या जानेवारीत 'उडान'च्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं आणि वर्षभरात चित्र पालटलं. घोडावत समूहाची स्टार एअर आली आणि अहमदाबाद, इंदूर, मुंबई असे मार्ग सुरू झाले. हैदराबाद जोडलं गेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंडिगोनं दिल्लीची थेट सेवा सुरू केली. ज्यांची मुलं उत्तरेकडं नोकरीला आहेत किंवा जी मंडळी लष्करात आहेत, त्यांना याचं मोल विचारा. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या गावाला दिल्लीचं विमान मिळायला एवढी वर्षं लागावीत, हे एक वेगळंच कोडं.

पण इथंच मेख आहे. 'उडान'ची तीन वर्षं संपली की सरकारचा पैसा थांबतो. मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला असेल तर चालतो, नाहीतर एक दिवस वेळापत्रकातून नाहीसा होतो. सांबऱ्याच्या मार्गांमध्ये ही ये-जा सतत चालू असते. म्हणून चार महिन्यांनंतरच्या लग्नाचं तिकीट आज काढणार असाल तर मार्ग नवा आहे की जुना, एवढं बघाच. लग्नाच्या तारखेचं मी आयुष्यात एकदाच असं तिकीट काढलं होतं. तीन आठवडे आधी मोबाईलवर संदेश आला की सेवा स्थगित. पैसे परत मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण तोवर दुसऱ्या सगळ्या तिकिटांचे दर दुप्पट झाले होते आणि शेवटी आम्ही अकरा जण रात्रीच्या बसनं गेलो.

आत सोयी कशा आहेत? लहान आणि पुरेशा. टर्मिनल सुमारे ३,६०० चौरस मीटरचं आहे, एका वेळी तीनेकशे माणसं मावतील असं. दारातून आत शिरल्यापासून सुरक्षा तपासणी संपेपर्यंत चालावं लागतं ते आपल्या एखाद्या मंगल कार्यालयाएवढं. विमानाला जोडणारा पूल नाही; फरशी ओलांडून जिन्यानं चढायचं. खाण्यापिण्याची चैन करायची असेल तर घरूनच जेवून निघा. दोन विमानं एकाच सुमाराला आली की बसायला जागा शोधावी लागते. पार्किंग दारातच. सोडायला आलेली माणसं, आमच्याकडं ती प्रवाशाच्या तिप्पट असतात, काचेपलीकडं उभी राहून हात हलवू शकतात.

वयस्कर माणसांसाठी मी सांबऱ्यालाच पहिली पसंती देतो, आणि त्याचं कारण फक्त अंतर नाही. मोठ्या विमानतळावर गाडीतून उतरल्यापासून गेटपर्यंत अर्धा-पाऊण किलोमीटर चाल सहज होते. इथं ती नाही. शिवाय एटीआर जातीचं पंख्याचं विमान जमिनीपासून बुटकं असतं. त्याला मागच्या दारानं चढतात आणि जिन्याला मोजक्या पायऱ्या असतात. गुडघे धरलेल्या माणसाला एअरबसच्या उंच शिडीपेक्षा ते पुष्कळ बरं. स्टार एअरच्या लहान एम्ब्रेअर विमानात पन्नास जागा असतात, एका बाजूला एकेक आणि दुसऱ्या बाजूला दोन-दोन. माझ्या आईला ती एकेकाची रांग फार आवडते, कारण "शेजारचा उठा म्हणत नाही". व्हीलचेअर लागणार असेल तर तिकीट काढतानाच मागून ठेवा, दारात जाऊन मागितली तर वाट बघावी लागते. आणि लहान विमानात डोक्यावरचा सामानाचा कप्पाही लहानच असतो. सात किलोची परवानगी आहे म्हणून फुगलेली ट्रॉली बॅग घेऊन गेलात तर ती दारातच काढून घेतात. कुंद्याचा डबा मात्र हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाच्या पोटातल्या सामानात टाकलेल्या कुंद्याचं काय होतं, ते मी पाहिलंय.

पुढं काय? १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीनं बेळगाव आणि हुबळी दोन्हीकडच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी झाली. त्याच कार्यक्रमात कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. म्हणजे एकाच दिवशी शेजाऱ्याची वास्तुशांत आणि आपलं भूमिपूजन. नावाचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेनं ठराव करून बेळगावच्या विमानतळाला कित्तूर राणी चन्नम्मा आणि हुबळीच्या विमानतळाला संगोळ्ळी रायण्णा यांचं नाव द्यावं अशी शिफारस केली. तिकीट काढणाऱ्याला नावापेक्षा तीन अक्षरांच्या संकेताशी काम पडतं. बेळगावचा आयएक्सजी, हुबळीचा एचबीएक्स. हे संकेत पाठ ठेवा, गोव्याच्या वेळी कामाला येतील.

हुबळी

हुबळीचा विमानतळ १९७४ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं उभा केला आणि १९९६ मध्ये तो विमानतळ प्राधिकरणाकडं गेला. गोकुळ रस्त्यावर आहे. धावपट्टी २,६०० मीटर, म्हणजे सांबऱ्यापेक्षा तीनशे मीटर लांब. आजचं टर्मिनल डिसेंबर २०१७ चं, सांबऱ्यानंतर तीनच महिन्यांनी झालेलं आणि आकारानं त्याचं जुळं भावंडंच.

मग फरक कशात आहे? गावात. हुबळी-धारवाड ही व्यापारी जोडशहरं, रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, धारवाडला उच्च न्यायालयाचं खंडपीठ, विद्यापीठं. विमान भरायला माणसं वर्षभर मिळतात. त्यामुळं एखादा मार्ग सांबऱ्यावरून बंद पडला तरी हुबळीवरून तो चालू असण्याची शक्यता बरी असते.

बेळगावहून हुबळी विमानतळ साधारण शंभर किलोमीटर. महामार्ग चांगला आहे, हिरेबागेवाडीचा टोल भरायचा, कित्तूर ओलांडायचं, पुढं धारवाड. धारवाड-हुबळी वळणरस्त्यावर जपून, त्या पट्ट्यानं आमच्या भागातल्या कितीतरी घरांना दुःख दिलंय. पावणेदोन ते दोन तास धरा. घाट नाही, दरड नाही, धुकं क्वचित. जुलै महिन्यात मला कुणी हुबळी की गोवा असं विचारलं तर मी डोळे झाकून हुबळी सांगतो.

आणखी एक फायदा लोक विसरतात. बेळगाव-हुबळी रेल्वे आहे. सकाळच्या विमानाला तिचा उपयोग नाही, पण संध्याकाळच्या विमानाला दुपारची गाडी धरून हुबळीला उतरलं आणि रिक्षा केली की झालं. चारशे रुपयांच्या आत माणूस विमानतळावर. मोप्याच्या बाबतीत हे इतकं सोपं नाही.

गोवा : दोन विमानतळ आणि एक सापळा

आधी सापळा सांगतो, कारण त्यात आमच्या ओळखीतली दोन कुटुंबं सापडली आहेत. तिकिटाच्या संकेतस्थळावर 'गोवा' एवढंच टाकलं की दोन्ही विमानतळ एकत्र येतात. जीओआय म्हणजे दाभोळी, वास्कोजवळचं. जीओएक्स म्हणजे मोपा, पेडण्याचं. एक मुरगाव तालुक्यात, एक राज्याच्या पार उत्तर टोकाला. चुकीच्या ठिकाणी जाऊन उभे राहिलात तर पुढचे दीड-दोन तास टॅक्सीत जातात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही. बेळगावहून निघतानाच रस्ता वेगळा धरावा लागतो, त्यामुळं आपली चूक गोवेकराच्या चुकीपेक्षा महाग पडते.

दाभोळी पोर्तुगिजांनी १९५० च्या दशकात बांधलं. १९६१ च्या बॉम्बहल्ल्यात कंट्रोल टॉवर मुद्दाम वाचवला होता, आणि तुटलेल्या धावपट्टीची रातोरात डागडुजी करून पोर्तुगिजांची दोन विमानं निसटली होती. पुढं तो तळ नौदलाकडं गेला, आयएनएस हंसा. प्रवासी विमानांना नौदलाच्या सवडीनं चालावं लागतं आणि सरावाच्या वेळा सोडून उरलेल्या वेळेत विमानांची दाटी होते. मोपा बांधायचं मोठं कारण हेच.

मोपा म्हणजे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. उद्घाटन ११ डिसेंबर २०२२, प्रवासी सेवा ५ जानेवारी २०२३ पासून. जीएमआर कंपनी चालवते. धावपट्टी ३,५०० मीटर, म्हणजे मोठ्यात मोठं विमान उतरू शकेल अशी. ऐसपैस, लखलखीत, खाण्यापिण्याची दुकानं, विमानापर्यंत नेणारे पूल. सोयींच्या बाबतीत पाचांत याची कुणाशी बरोबरी नाही, आणि चहाच्या दराच्या बाबतीतही नाही. परदेशी जायचं असेल तर आपल्या भागासाठी जवळचं दार हेच. ओमान एअर, कतार एअरवेज या कंपन्या दाभोळी सोडून इथं आल्या. खानापूर, चंदगड, जोयडा या पट्ट्यातली जी मुलं आखातात आहेत, त्यांची मुंबईची रात्रीची बस वाचली, हा बदल लहान नाही.

आता रस्ता. मोप्याला बेळगावहून दोन वाटा आहेत. एक जांबोटी-कणकुंबी-चोर्ला-साखळी. दुसरी शिनोळी-चंदगड-आंबोली-सावंतवाडी-बांदा. अंतर दोन्हीकडून शंभर ते सव्वाशेच्या दरम्यान, वेळ तीन तासांच्या आसपास. तिसरी वाट, खानापूर-लोंढा-अनमोड, ती दाभोळी आणि मडगावच्या बाजूला जाते.

चोर्ला घाट ऑक्टोबर ते मे सुंदर आहे, एरवी नाही. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढं धुकं असं उतरतं की बॉनेटपलीकडं दिसत नाही. रस्त्यातले खड्डे दरवर्षी बुजतात आणि दरवर्षी उगवतात. झाड आडवं पडणं ही बातमीही नसते. आंबोलीचा रस्ता मला तुलनेनं बरा वाटतो, पण आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक. शिवाय शनिवार-रविवारी धबधब्याखाली गाड्यांच्या रांगा लागतात, त्यात अडकलात तर विमान विसरा. माझा नियम साधा आहे. जून ते सप्टेंबर गोव्याचं विमान धरायचं असेल तर आदल्या दिवशी घाट उतरायचा. म्हणजे एका रात्रीचं लॉज हिशोबात आलं, आणि स्वस्त तिकिटाचा स्वस्तपणा संपला.

उन्हाळ्यात, चौघं मिळून एक गाडी करून जात असाल आणि दिल्ली-मुंबईसारख्या मोठ्या शहराला जायचं असेल तर मात्र मोपा खरोखर परवडतं. गाडीचं भाडं चौघांत वाटलं जातं, तिकिटात माणशी बचत होते, आणि महत्त्वाचं म्हणजे मोठ्या शहरांना दिवसाला अनेक विमानं आहेत. एक रद्द झालं तरी रात्र विमानतळावर काढावी लागत नाही. सुरुवातीच्या माझ्या प्रश्नाला मोप्याइतकं चांगलं उत्तर दुसरा कुठलाच विमानतळ देत नाही.

कोल्हापूर

उजळाईवाडीची धावपट्टी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३० च्या दशकात झाली, म्हणजे सांबऱ्याच्याही आधीची. नावही त्यांचंच आहे. पण प्रवासी सेवेचं नशीब फार चंचल. २०११ च्या सुमारास विमानं बंद झाली ती थेट २०१८ मध्ये 'उडान'मुळं परत आली. धावपट्टी आधी १,३७० मीटर होती, ती १,९३० मीटर केली. तरीही सांबऱ्यापेक्षा आखूडच, त्यामुळं इथं मुख्यतः लहान विमानं येतात. नवं टर्मिनल देखणं झालंय, दगडी कमानींचं, जुन्या राजवाड्याची आठवण करून देणारं. पाट्या मराठीत आहेत. विमानतळ निवडायला हे कारण होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण निपाणीच्या एका काकांना ते कारण पुरतं.

आणि निपाणीकरांना खरं तर कारणाची गरजच नाही. निपाणीहून सांबरा पंच्याऐंशीच्या आसपास, कोल्हापूर विमानतळ चाळीसच्या आसपास. कोगनोळीचा टोल ओलांडला की जवळजवळ पोचलातच. चिकोडी, सदलगा, संकेश्वरकडच्या लोकांनीही आधी कोल्हापूर बघावं, मग सांबरा. बेळगाव शहरातल्या माणसानं मात्र हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोल भरून कोल्हापूरला जाण्यात काही अर्थ नाही; हवा तो मार्ग सांबऱ्याहून नसेल तर गोष्ट वेगळी.

तुम्ही कुठं राहता, त्यावर

खानापूर तालुक्यातल्या माणसाला सांबरा चाळीस किलोमीटरच्या आत पडतो. नंदगड, लोंढ्याकडच्यांनी उन्हाळ्यात अनमोडमार्गे दाभोळीचा विचार करावा. चंदगड तालुका महाराष्ट्रात असला तरी त्याचा बाजार बेळगाव आहे आणि विमानतळही सांबराच. पण चंदगडहून आंबोली जवळ, त्यामुळं मोपा इथून अवघड वाटत नाही. हल्याळकर आधी धारवाड गाठतात, त्यांना हुबळी सोपी. कारवारच्या मराठी-कोंकणी लोकांना बेळगाव-हुबळीचा काही उपयोग नाही, त्यांचा रस्ता काणकोण-मडगाव-दाभोळी. गोकाक, घटप्रभा, हुक्केरीकडून सांबरा. अथणी-कागवाडचा माणूस मिरज-सांगलीच्या बाजूचा, त्याला कोल्हापूर.

बेळगाव शहरातल्यांसाठी माझा क्रम असा : मार्ग असेल तर सांबरा. नसेल तर पावसाळ्यात हुबळी, उन्हाळ्यात मोपा. परदेशी जायचं असेल तर मोप्याहून थेट विमान आहे का ते बघा. नसेल तर सांबऱ्याहून बेंगळूर, हैदराबाद किंवा मुंबईमार्गे एकाच तिकिटावर जा. 'एकाच तिकिटावर' हे शब्द अधोरेखित करून घ्या. सांबरा-मुंबई वेगळं आणि मुंबई-दुबई वेगळं असं दोन तिकिटांत काढलं, आणि पहिलं विमान उशिरा गेलं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही. एकाच तिकिटावर असाल तर पुढं पाठवण्याची जबाबदारी त्यांची.

बेंगळूरला जाणाऱ्यांना एक आगाऊ सल्ला, विमानांच्या लेखात शोभत नसला तरी. बेंगळूरचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहराच्या मध्यापासून पस्तीस-चाळीस किलोमीटर. सांबऱ्याला दीडेक तास आधी पोचायचं, तासाभराचं उड्डाण, तिथं उतरून दीड-दोन तास रहदारीत. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री झोपून गेलात तर सकाळी थेट शहराच्या पोटात उतरता. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारतही बेळगावहून बेंगळूरला जाते, साडेआठ तासांत. मी स्वतः कोर्टकचेरीच्या कामाला विमान आणि लग्नाला रेल्वे असं ठरवलंय, कारण कोर्टाचं काम एका दिवसात परतायचं असतं आणि लग्नाला सामान फार.

वेळेचंही सांगून ठेवतो. देशांतर्गत विमानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, विमानतळ लहान असला तरी नियम तोच. "सांबराच तर आहे, निघू सावकाश" म्हणत आरपीडी कॉर्नरला चहा पीत बसलेली आणि मग परत घरी आलेली माणसं मला माहीत आहेत. उतरल्यावर शहरात यायला रिक्षा किंवा टॅक्सी आधी सांगून ठेवा. गावात जाणारी सिटी बस मिळते, पण ती विमानाच्या वेळेवर नाही, सांबऱ्याच्या लोकांच्या वेळेवर चालते, आणि ते बरोबरच आहे.

भाच्याचं काय झालं? त्यानं पुन्हा फोन केला. मे महिना होता, आणि म्हापशाला जाणारा एक मित्र गाडीत रिकामी जागा घेऊन निघाला होता. म्हणजे गाडीभाडं शून्य, घाट कोरडा. मी म्हटलं, काढ मोप्याचं. परतीचं तिकीट जूनच्या तिसऱ्या आठवड्यातलं होतं. देशातल्या प्रवासात जाण्याचं आणि येण्याचं तिकीट एकत्र काढल्यानं सहसा काही वाचत नाही, त्यामुळं दोन्ही टोकं वेगळी ठेवायला हरकत नसते. येतानाचं त्यानं सांबऱ्याचं काढलं. त्या दिवशी दुपारी कणकुंबीला मुसळधार पाऊस चालू होता आणि तो माझ्या घरी वडगावात बसून आमटी-भात खात होता. खानापूरची बस संध्याकाळची होती.